क्यू हातात, यू संपले

काल स्क्रॅबलमध्ये, म्हणजे अक्षरं जोडून इंग्रजी शब्द लावायच्या खेळात, भाचीने माझी दांडी गुल केली. क्यू तिच्याकडे अडकलाय हे मला कळलं होतं आणि मी मनातून खूश, कारण इंग्रजीत क्यूमागे बहुधा यू लागतो आणि खेळातले चारही यू पटावर लागून गेले होते. तर बाईसाहेबांनी क्यूशेजारी नुसता आय ठेवला. क्यू तिप्पट अक्षराच्या घरात, त्याच्या खाली आधीचाच एक आय. आडव्या शब्दाचे ३१ गुण, उभ्याचेही ३१, एकूण ६२! असला शब्दच नसतो म्हणून भांडले, कोश काढला, तर आहे. उच्चार 'ची'. हा आला कुठून? आणि यूशिवाय क्यू लावता येईल असं आणखी काय आहे? नुसत्या याद्या नकोत, अर्थासकट सांगा. त्याशिवाय माझ्या डोक्यात काही टिकत नाही.

—

चिनी आहे. प्राणशक्ती. ताई चीमधला ची तोच.

—

तोच नव्हे हो! ताई चीमधला ची म्हणजे परमोच्च टोक. चिनीत त्याचं अक्षर वेगळं आणि उच्चारही 'जी'च्या जवळचा. तुमच्या भाचीचा ची चीगाँगमध्ये आहे, त्या श्वासाच्या व्यायामात. वाफ, हवा, श्वास असे त्याचे अर्थ. आपल्या प्राणाशी नातं लावलंत ते मात्र पटलं.

—

क्यू-ए-एन-ए-टी, कनात. तंबूची कनात वेगळी, ही पाण्याची. डोंगराच्या पायथ्याशी खोल विहीर खणून भूजल गाठायचं आणि तिथून गावापर्यंत अगदी हलक्या उताराचं भुयार न्यायचं. वाटेत ठरावीक अंतरावर उभी विवरं, हवा यायला आणि गाळ उपसायला. मोट नाही, रहाट नाही, पाणी आपलं आपण चालत येतं. मूळ विद्या इराणची. मलिक अंबरने सतराव्या शतकाच्या सुरुवातीला खडकीत, म्हणजे पुढच्या औरंगाबादेत, नहर-ए-अंबरी बांधली ती याच जातीची. एकदा हे चित्र डोळ्यांपुढे आलं की स्पेलिंग विसरत नाही.

बाकी क्यूवाला फकीर चालतो, बुरखाही चालतो. अरबी-फारसीतून गेलेल्या क्यूला यूची गरज नसते.

—

अर्थाचं एवढं काय? न्यूझीलंडच्या नायजेल रिचर्ड्सने २०१५ साली फ्रेंच स्क्रॅबलचं विजेतेपद मिळवलं, फ्रेंच बोलता येत नसताना. शब्दकोश पाठ केला, संपलं.

—

त्यांना जमतं, मला नाही. मला मागच्या आठवड्यातला किराणा आठवत नाही.

—

यू नसेल तर डब्ल्यू वापरा. सी-डब्ल्यू-एम, उच्चार कूम. वेल्श भाषेत डब्ल्यू स्वर म्हणूनही चालतो. अर्थ, डोंगराच्या कुशीतली खोलगट दरी. एव्हरेस्टच्या वाटेवरच्या 'वेस्टर्न कूम'ला हे नाव १९२१ मध्ये गिर्यारोहक मॅलरीने दिलं.

—

एवढं जग फिरलात, घरचं कोणी सांगेना. इंग्रजीतला मंगूस आपल्या मुंगसावरून गेलाय! शेवटी 'गूस' दिसला म्हणून त्याचा बदकांशी संबंध नाही. आठ अक्षरं आहेत. एक पटावर सापडलं आणि हातातली सातही लागली तर वर ५० गुण.

—

भाचीला आत्ताच सांगितलं. म्हणे, "छान आहे मावशी, पण त्यात क्यू कुठंय?"