मदत हवी आहे: सीपीयू थंड, तरी रेंडर सुरू असताना पीसी अचानक मंदावतो

नमस्कार मंडळी,

लग्नाच्या व्हिडिओंचं एडिटिंग करतो, अकोल्यात. पीसी रायझन ७ २७००एक्स सीपीयूचा, मदरबोर्ड बी४५० चिपसेटचा, त्यातला सगळ्यात स्वस्त. तीन उन्हाळे काही त्रास नव्हता.

फेब्रुवारीत सीपीयूसोबत आलेला कूलर काढून टॉवर कूलर बसवला, कारण जुन्याचा आवाज फार व्हायचा. सीपीयूचं तापमान ८२ वरून ६८ अंशांवर आलं, मी खूश. पण एप्रिल लागल्यापासून रेंडर (एडिट केलेल्याची अंतिम फाइल बनवणं) सुरू केलं की दहा-बारा मिनिटांत सीपीयूचं घड्याळ, म्हणजे वेग, ३.९ गिगाहर्ट्झवरून थेट ०.५५ वर कोसळतं. अर्ध्या मिनिटाने परत वर येतं, मग पुन्हा तेच. दीड तासाच्या फिल्मला रात्र जाते. तारखा दिलेल्या आहेत, लोक वाट बघतायत, त्यामुळे खरंच काळजी वाटतेय.

आतापर्यंत केलेलं: थर्मल पेस्ट पुन्हा लावली, धूळ काढली, रॅम बदलून पाहिली, विंडोज नव्याने टाकलं. फरक शून्य. काल वैतागून कॅबिनेटची बाजू उघडली आणि टेबल फॅन आत रोखला, तर पूर्ण रेंडर एकदाही न अडखळता झालं! म्हणजे काहीतरी तापतंय, पण ते सीपीयू नाही. सॉकेटच्या डावीकडे चौकोनी काळ्या चिपा आहेत, त्यांच्यावर हीटसिंक नाही. एचडब्ल्यूइन्फो या तापमान दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये त्यांचं तापमान दिसत नाही. दोष तिथेच असेल का? बोर्ड बदलावाच लागेल का?

प्रतिसाद १
दादा, टेबल फॅनने निदान करून टाकलंय. त्या चिपा म्हणजे व्हीआरएमचे (सीपीयूला वीज पुरवणाऱ्या भागाचे) मॉस्फेट, म्हणजे वीज चालू-बंद करणारे स्विच. १२ व्होल्टचे साधारण १.३ व्होल्ट करून सीपीयूला देतात. तुमचा सीपीयू पूर्ण भारावर १४० वॅटपर्यंत ओढतो, म्हणजे शंभरेक अँपिअर त्यांच्यातून जातात. जुन्या कूलरचा पंखा खाली, बोर्डावर वारा मारायचा, त्यात हेही निवायचे. टॉवरचा वारा आडवा मागे जातो. मॉस्फेट फार तापले की बोर्ड सीपीयूला इशारा देतो आणि घड्याळ पडतं. बोट लावून बघू नका, भाजेल.

आजच बायोसमध्ये (बोर्डाच्या सेटिंगमध्ये) कोअर परफॉर्मन्स बूस्ट, म्हणजे वेग आपोआप वाढवणारी सोय, बंद करा. ३.७ वर चालेल, व्होल्टेज उतरेल, रेंडरला थोडा वेळ जास्त लागेल इतकंच. मग एक ८० मिमी पंखा त्या चिपांकडे तोंड करून बांधा. छोटे ॲल्युमिनियम हीटसिंक लावायचे तर थर्मल चिकटपट्टीनेच, आणि आधी आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून. बोर्ड उभा असतो, एखादा सुटून ग्राफिक्स कार्डावर पडला तर शॉर्ट होईल. तेवढ्यासाठी बोर्ड बाहेर काढून आडवा ठेवा, दाबून रात्रभर राहू द्या. बोर्ड इतक्यात बदलू नका. पण त्या चिपांजवळचे कपॅसिटर (छोट्या गोल डब्यांसारखे भाग) वरून फुगलेत का ते नक्की बघा. फुगले असतील तर मात्र पर्याय नाही.

धागाकर्ता
खूप आभार! कपॅसिटर सपाट आहेत, टॉर्च धरून एकेक पाहिला. बूस्ट बंद करून, कॅबिनेट लावून रेंडर टाकलं: दोन तास दहा मिनिटं, घड्याळ ३.७ वरून हललं नाही. ८० मिमी पंखा जुन्या पीसीतला आहे, उद्या बांधतो. थर्मल चिकटपट्टी अकोल्यात किंवा अमरावतीत कोणाला मिळाली असेल तर सांगा, कारण मे महिन्यात इथे ४५ अंश होतं.