उतामारोची योशिवारा-चित्रं नेमकी कशी बघावीत?

रेघोटी:
जपानी चित्रकार उतामारोची योशिवारावरची, लाकडी ठशांनी छापलेली बारा चित्रांची मालिका (साधारण १७९४) सध्या रोज थोडी थोडी बघतेय. त्या काळी जपानात दिवस-रात्र मिळून बारा प्रहर धरत, प्रत्येकाला एका प्राण्याचं नाव. दर प्रहराचं एक चित्र. रेषा अशी की नजर हलत नाही. पण योशिवारा म्हणजे एडोतली (आताच्या टोकियोतली) सरकारी परवान्याची वेश्यावस्ती, भोवती खंदक, ये-जा करायला एक मोठा दरवाजा. कितीतरी मुली लहानपणीच, आईबापांच्या हातात आगाऊ पैसे ठेवून आणलेल्या. हे वाचल्यापासून किमोनोचं कौतुक करवत नाही. उतामारोला हे दिसत नव्हतं का? की ही सरळ जाहिरातच होती?

खोडरबर:
जाहिरात होतीच. प्रकाशक त्सुताया जुझाबुरो योशिवारातच जन्मला. कुठल्या घरात कोण आहे हे सांगणाऱ्या तिथल्या माहितीपुस्तिकाही तोच छापायचा. त्याआधी १७७० च्या दशकात कोर्युसाई या चित्रकाराच्या मालिकेत नामवंत गणिका नव्या किमोनोंचे नमुने अंगावर मिरवतात. बाईचं नाव, घराचं नाव, कपडा, सगळं विकायला मांडलेलं.
चित्रांत काय येत नाही तेही बघा. १८५५ च्या भूकंपात मेलेल्या योशिवारातल्या किती बायकांना जवळच्या मिनोवातल्या जोकान-जी देवळात पुरलं गेलं! माझ्या लेखी ही चित्रं देखणी आहेत आणि खोटी आहेत.

पटाशी:
खोटी म्हणायला माझा जीव धजत नाही. मी लाकडात कोरते, त्यामुळे चित्रात आधी हात आणि केस बघायची सवय आहे.
रेघोटी, त्याच मालिकेतलं बैलाच्या प्रहराचं चित्र उघडा. मध्यरात्र उलटून गेलेली. बाई झोपेतून उठून शौचाला निघालीय. एका हातात पेटवलेली कागदाची वळी, दुसऱ्या हातात कागद, आणि पाय सपाता चाचपडतोय. डोळे धड उघडलेले नाहीत. एवढंच. गिऱ्हाईक नाही, मिरवणूक नाही, दागिना नाही. जाहिरातच करायची तर हा क्षण कोण निवडेल? दमलेलं शरीर कसं उभं राहतं हे त्या माणसाने नीट पाहिलंय.
आणि हे एकट्या उतामारोचं काम नाही. चित्रकार कागदावर रेषा द्यायचा, ती चेरीच्या लाकडात उतरवायचा कोरक्या. कपाळाजवळचे केस कोरायचं काम कारखान्यातल्या सगळ्यात मुरलेल्या हाताकडे जायचं. दोन्ही बाजूंनी लाकूड काढत जायचं आणि केसाएवढी बारीक, उठावाची रेघ शिल्लक ठेवायची. पटाशी जरा घसरली की ती रेघ गेली. दर रंगाला वेगळा ठसा, आणि सगळे एकावर एक नेमके बसावेत म्हणून ठशाच्या कडेला खाचा. एका पेंगुळलेल्या बाईसाठी इतक्या जणांनी एवढा जीव लावलाय, हे मला फार मोठं वाटतं.

खोडरबर:
पटाशीताई, मुद्दा पटला, पण अर्धाच. दमलेली बाईसुद्धा गिऱ्हाइकाला गोड वाटते. तिचा खासगी क्षणही विकलाच ना?

पटाशी:
विकला, हे नाकारत नाही. म्हणून मला हिरोशिगे या नंतरच्या चित्रकाराचं १८५७ चं चित्र जास्त जवळचं. योशिवारातल्या खोलीची खिडकी, गज, आणि आपल्याकडे पाठ करून बसलेलं पांढरं मांजर. बाहेर संध्याकाळ, लांबवर फुजी, शेतातून चाललेली जत्रेची रांग. खिडकीच्या कट्ट्यावर पाण्याचं भांडं नि टॉवेल, जमिनीवर कागदात गुंडाळलेल्या नव्या केसपिना, त्याच जत्रेत मिळणाऱ्या दंताळ्याच्या आकाराच्या. बाई चित्रात नाहीच. तिथे काय चालतं ते सगळं कळतं, आणि तिच्याकडे टक लावून बघता मात्र येत नाही.

रेघोटी:
दोन्ही चित्रं शेजारी ठेवून बघितली. खोडरबर, तुमचा प्रश्न माझ्या मनातून जाणार नाही, पण बैलाच्या प्रहरात आता मला किमोनोआधी ती सपाता दिसते. एक विचारायचं राहिलं: एकाच चित्राच्या दोन प्रतींत रंग इतके वेगळे का? एकीत निळा-जांभळा आहे, दुसरीत नुसता मातकट.

पटाशी:
उजेडामुळे. तेव्हाचा निळा बहुधा फुलांपासून काढलेला, तो उजेडात पटकन उडतो. प्रशियन निळा (रासायनिक, सहसा न उडणारा रंग) या चित्रांत सर्रास दिसतो तो १८३० च्या सुमारास, उतामारोच्या मृत्यूनंतर. बोस्टनच्या ललित कला संग्रहालयातला स्पॉल्डिंग संग्रह ऑनलाइन बघा. साडेसहा हजारांच्या आसपास चित्रं, १९२१ मध्ये कधीच प्रदर्शनात मांडायची नाहीत या अटीवर दिलेली. जांभळा खरा कसा होता ते तिथे दिसेल.