अडचण गाडीपेक्षा तारेची जास्त

'वेगवान रेल्वेगाडी बनवणं अमेरिकेला जमत नाही' हा मुद्दा अर्धाच बरोबर आहे. असेला या वॉशिंग्टन–न्यूयॉर्क–बॉस्टन वेगवान सेवेच्या नव्या गाड्या ताशी २५७ किमी धावू शकतात (रचना फ्रेंच कंपनी आल्स्टॉमची, जुळणी न्यूयॉर्क राज्यात हॉर्नेलला). खरी रड तारेची आहे. वॉशिंग्टन–न्यूयॉर्क मार्गावरची बरीचशी ओव्हरहेड वायर १९३० च्या दशकातल्या पद्धतीची, टोकांना पक्की बांधलेली. उन्हात तांबं प्रसरण पावलं की तार झोल खाते, वेगातला पेंटोग्राफ (गाडीच्या टपावरचा, तारेतून वीज घेणारा सांगाडा) तिच्यात अडकू शकतो, म्हणून उकाड्यात वेग कमी करावा लागतो. न्यू हेवन–बॉस्टन भाग २००० साली विजेवर आला. तिथे तारेचा ताण आपोआप कायम राहतो, त्यामुळे हा त्रास नाही. बाल्टिमोरचा बोगदा तर १८७३ चा, त्यात गाडी ताशी ४८ किमीवर आणावी लागते!

मालवाहतुकीत मात्र अमेरिका आजही भक्कम आहे: डब्याच्या एका आसावर (ॲक्सलवर) ३२ टनांहून जास्त भार, कंटेनर एकावर एक दोन. पण वॉशिंग्टन–बॉस्टनच्या ईशान्य पट्ट्याबाहेर बहुतेक रूळ मालगाडी कंपन्यांच्या मालकीचे. कायद्याने प्रवासी गाडीला अग्रक्रम आहे, पण लांबलचक मालगाडी बाजूच्या लूपमध्ये (गाडी थांबवायच्या जोडरुळात) मावतच नाही, मग प्रवासी गाडीच लूपमध्ये थांबते.