गरोदर बहीण टीडॅप घ्यायला घाबरते आहे, तिच्याशी कसं बोलू?

नमस्कार. माझ्या धाकट्या बहिणीला २९वा आठवडा चालू आहे, पहिलंच बाळंतपण. टीडीचं (धनुर्वात आणि घटसर्पाच्या लशीचं) पहिलं इंजेक्शन तिने विनातक्रार घेतलं होतं. आता दुसऱ्याच्या जागी डॉक्टरांनी टीडॅप, म्हणजे त्यासोबत डांग्या खोकल्यापासूनही वाचवणारी लस, घ्यायला सांगितलंय, आणि तिथे गाडी अडली आहे.

रात्री झोप येत नाही म्हणून ती मोबाईल घेऊन बसते. लशीतलं अ‍ॅल्युमिनियम बाळाच्या मेंदूत जातं, मूल स्वमग्न होतं, असा एक व्हिडिओ पाहिला आणि मग तसलेच येत राहिले. आता बाळ थोडा वेळ हललं नाही तरी रडू फुटतं तिला. डॉक्टरांना विचारलं तर "काही होत नाही, घेऊन टाका" एवढंच उत्तर मिळालं. बाहेर रांग असते हे कळतं मला, पण घाबरलेल्या बाईला तेवढं पुरत नाही.

मी माझ्या परीने समजावलं. लशीने स्वमग्नता येते म्हणणारा तो १९९८ चा शोधनिबंध एमएमआर (गोवर, गालगुंड, रुबेला) लशीबद्दल होता आणि २०१० मध्ये तो मागे घेतला गेला. एमएमआरमध्ये जिवंत विषाणू असतात म्हणून गरोदरपणी ती देतच नाहीत. टीडॅपमध्ये जिवंत जंतू नसतात. मान डोलावली, आणि रात्री मला नवा व्हिडिओ पाठवला. म्हणजे प्रश्न माहितीचा राहिलेलाच नाही.

माझा जीव अडकलाय तो डांग्या खोकल्यात. त्यावरची बाळाची स्वतःची पहिली लस ते दीड महिन्याचं झाल्यावर. तोवर आईच्या अंगात तयार होऊन वारेतून गेलेली प्रतिपिंडं हाच त्याचा आधार, आणि ती तयार व्हायला दोनेक आठवडे लागतात. इतक्या लहान बाळाला हा आजार झाला तर कधी कधी खोकलाही येत नाही, सरळ श्वास थांबतो. लस २७ ते ३६ आठवड्यांत घ्यायची असते, पण घाई केली तर ती आणखी आक्रसेल अशी भीती वाटते. हे श्वासाचं तर मी तिला सांगितलेलंच नाही. सांगावं का?

घरात तिच्या सासूबाईंचा आधार आहे. "आम्ही धनुर्वाताची इंजेक्शनं घेतलीच ना गं," म्हणतात त्या, आणि त्यांचं ती निदान शांतपणे ऐकते. नवरा मात्र "तिला नको तर नको" म्हणून मोकळा होतो.

तुमच्यापैकी कुणी अशीच घाबरून शेवटी लस घेतली असेल, तर मन कशाने वळलं ते कृपया लिहा. आणि टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर गरोदरपणातल्या अशा काळजीबद्दल कुणी मराठीत बोललंय का? रात्री फोन लागतो का? लस बाजूला ठेवली तरी तिची झोप परत यायला हवी. तिची पुढची तपासणी येत्या आठवड्यात आहे, मी सोबत जाणार आहे. डॉक्टरांना नेमकं काय विचारू तेही सुचवा.