आबांची शुगर कुणी खाल्ली?

माने वहिनी, बी-२०४: आबांचा रिपोर्ट आला. उपाशीपोटी शुगर ६८! सकाळी घरच्या मशीनवर १०४ होती. आबा म्हणतात आजपास्नं गोळी बंद. पेढ्यांचा बॉक्सपण फोडलाय 🤦‍♀️

संदीप, ए-१०२: आबा नाद खुळा 😄

जोशी मॅडम, ए-३०१: वहिनी, बॉक्स काढून घ्या आधी. नळीचं टोपण कुठल्या रंगाचं होतं?

माने वहिनी: लाल. पोरगा सातला घरी येऊन रक्त घेऊन गेला. पुढं अजून चार घरं करून बाराला लॅबला पोचला म्हणे.

जोशी मॅडम: मग शुगर वाटेत संपली. नळीतल्या पेशी जिवंतच असतात, त्या ग्लुकोज खात राहतात. तासाला ५ ते ७ टक्के धरा. शुगरचं रक्त करड्या टोपणाच्या नळीत घेतात ते त्यासाठीच. तिच्यात सोडियम फ्लोराइड असतं, ते हे खाणं थांबवतं. तेही लगेच नाही, तास-दोन तास जातात. पांढऱ्या पेशी किती आल्यात?

माने वहिनी: १९,२००. पायाला गळू झालंय ना.

जोशी मॅडम: बघा! ४,००० ते ११,००० असायला हव्यात. खाणारी तोंडं वाढली. त्यातल्या न्यूट्रोफिल तर भलत्याच खादाड.

संदीप: पण मॅडम, नुसत्या ग्लायकोलिसिसमधनं, म्हणजे ऑक्सिजनशिवाय ग्लुकोज फोडून, एका ग्लुकोजमागं २ एटीपी, पेशीचं इंधन. मायटोकॉन्ड्रियात, पेशीच्या वीजघरात, ऑक्सिजनवर जाळलं तर ३०-३२. हा तोट्याचा धंदा कशाला?

जोशी मॅडम: न्यूट्रोफिलमध्ये मायटोकॉन्ड्रिया मोजकेच. आणि गळवात ऑक्सिजन असतोय कुठं? तिथं दोनावरच भागवायचं. खासबागेच्या आखाड्यातला पैलवान दम कोंडून डाव टाकतो तसं, मागं लॅक्टिक ॲसिड उरतं. गंमत पुढं आहे. जंतू गिळला की ह्याच पेशी ऑक्सिजन भसाभस ओढतात, पण ताकदीसाठी नाही. त्याचं सुपरऑक्साइड, मग हायड्रोजन पेरॉक्साइड करून जंतूवर सोडतात. त्याला लागणारं एनएडीपीएच नावाचं रसायनही ग्लुकोजमधनंच. पुवाला हिरवट झाक येते ती ह्यांच्याच मायलोपेरॉक्सिडेज नावाच्या एन्झाइमची.

पाटील काका, बी-४०१: मॅडम, पांढरा रस्सा पुढ्यात हाय ओ 🙏

जोशी मॅडम: सॉरी काका 😅 वहिनी, उद्या लॅबलाच जाऊन रक्त द्या. गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करायची नाही.

(दुसऱ्या दिवशी)

माने वहिनी: करड्या टोपणात दिलं. १०९. आबा गप.

संदीप: आणि पेढे?

माने वहिनी: दोनच उरलेत. आबा म्हणतात पांढऱ्या पेशींनी खाल्ले.