गाडीत केलेले बदल विमा कंपनीला कळवावेत का?

निगडीकर

माझ्या मामेभावाने चिंचवडमध्ये जुनी पेट्रोल गाडी घेतली आहे. आधीच्या मालकाने तिला बाहेरून सीएनजी किट बसवलेलं. आरसीवर इंधन मात्र अजून नुसतं पेट्रोल आणि पॉलिसीत किटचा उल्लेखही नाही. एजंट म्हणतो, "कळवू नका, उगाच प्रीमियम वाढेल." घरातले निम्मे लोक एजंटच्या बाजूने आहेत. मी पूर्णपणे विरुद्ध आहे.

आधी पैशांचं बघू. २००२ च्या मोटर टॅरिफमध्ये, म्हणजे विमा हप्त्यांच्या ठरलेल्या दरपत्रकात, बाहेरून बसवलेल्या किटसाठी आयएमटी २५ हे कलम आहे. किटच्या किमतीवर ४ टक्के ओन डॅमेजचा (स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा) जादा हप्ता आणि थर्ड पार्टीचे (समोरच्याच्या नुकसानीचे) ६० रुपये. २००७ पासून ओन डॅमेजचे दर कंपन्यांना मोकळे झाले, तरी कलम त्याच क्रमांकाने पॉलिसीत येतं. जुन्या दराने धरलं तर ६० हजारांच्या किटला वर्षाचे २४०० अधिक ६०, वर जीएसटी. महिन्याला अडीचशे रुपयेसुद्धा होत नाहीत.

आता दुसरी बाजू. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे असा बदल केला की १४ दिवसांत आरटीओला कळवून आरसीवर नोंद करून घ्यायची असते. ती नसताना गाडीने पेट घेतला, तर नुकसान तपासायला आलेल्या सर्व्हेअरला डिकीत सिलिंडर दिसतो, तो आरसी बघतो आणि तिच्यावर सीएनजी नसतं. मग आग गॅसमुळे लागली नाही, वायरिंगमुळे लागली, हे जळक्या सांगाड्यावरून पटवून देण्याची पाळी मालकावर येते. गाडी गेलेली, कर्जाचे हप्ते चालू, आणि वर हे.

म्हणून माझं म्हणणं: बदल लेखी कळवा, आणि एंडोर्समेंटचा (बदल पॉलिसीत नोंदल्याचा) कागद हातात येईपर्यंत पाठ सोडू नका. सगळं माहीत असताना कंपनीने हप्ता घेतला की "आम्हाला सांगितलंच नव्हतं" असं म्हणायला तिला जागा राहत नाही. एजंटचं तोंडी आश्वासन क्लेमच्या दिवशी कुणी विचारात घेत नाही.

चौथागिअर

निगडीकर, सीएनजीबद्दल माझा वाद नाही. तिथे फॉर्ममध्ये रकाना आहे, आरटीओची पद्धत ठरलेली आहे. पण शीर्षकात तुम्ही सगळेच बदल घेतलेत, आणि तिथे तुमचा सल्ला माणसाला खड्ड्यात घालू शकतो.

मी अॅलॉय व्हील्स आणि नवीन साउंड सिस्टीम बसवल्यावर प्रामाणिकपणे कंपनीला मेल केला. बिलं जोडली, फोटो जोडले. उत्तर आलं ते छापील: आपला अभिप्राय आम्हाला मोलाचा आहे. कॉल सेंटरला फोन केला तर म्हणे, "सर, मॉडिफाइड गाडीला क्लेम मिळेलच असं सांगता येत नाही." एंडोर्समेंट दिलं नाही, नकारही लेखी दिला नाही, जादा हप्ताही मागितला नाही. आता परिस्थिती अशी की गाडीत बदल केल्याचा पुरावा मीच माझ्या नावाने त्यांच्याकडे जमा केलाय आणि माझ्या हातात काही नाही.

ज्याने कळवलं नाही तो माझ्यापेक्षा सुरक्षित आहे, हे कुणी मान्य करणार आहे का? कोणते बदल कळवायचे, कुणाला, किती दिवसांत उत्तर मिळणार, हे कंपन्यांनी आधी स्पष्ट छापावं. तोपर्यंत आरसीवर ज्याचा संबंध येत नाही त्या गोष्टींबद्दल गप्प राहणारा माणूस मला अप्रामाणिक वाटत नाही.

सर्व्हे_डायरी

मी मोटर क्लेमचे सर्व्हे करतो, म्हणून लिहितो. क्लेम आम्ही नाकारत नाही. आम्ही अहवाल देतो, निर्णय कंपनी घेते. पण अहवालात काय जातं ते ऐका.

सीट कव्हर, मॅट, डॅशकॅम यांच्याकडे कुणी ढुंकूनही बघत नाही. अॅलॉयबाबत प्रश्न किमतीचा असतो: पॉलिसीत अॅक्सेसरी म्हणून किंमत दाखवली नसेल तर कंपनी मूळ स्टीलच्या रिमच्या भावाने बोलते. चौथागिअर, तुमच्या बाबतीत क्लेम बुडण्यापेक्षा कमी पैसे मिळण्याची शक्यता जास्त. साउंड सिस्टीमला आयएमटी २४ आहे, तेच ४ टक्के. पुढच्या रिन्यूअलला अॅक्सेसरीजच्या रकान्यात रक्कम भरा, पॉलिसीवर छापून येते. मेल करून उत्तराची वाट बघण्यापेक्षा हे सोपं.

माझी खरी काळजी वायरिंगची आहे. जास्त वॅटचे हेडलॅम्प लावताना रिले आणि वेगळा हार्नेस वापरला तर गोष्ट वेगळी. पण मूळ वायर सोलून तिच्यावर जोड मारून काळी टेप गुंडाळलेली मी वारंवार बघतो. आगीच्या क्लेममध्ये असा जोड दिसला की त्याचा फोटो अहवालात जातोच, आणि तो जायलाच हवा.

बुल बारबद्दल तर कळवण्याचा प्रश्नच येऊ नये. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने डिसेंबर २०१७ मध्येच राज्यांना त्यांच्यावर कारवाई करायला सांगितलं आहे. धडकेचा जोर बंपरने गिळायचा असतो, तो बारमुळे थेट चॅसीवर जातो, आणि एअरबॅगच्या सेन्सरचं गणित बिघडतं. पायी चालणाऱ्याची तर हाडं मोडतात. कळवू नका, काढून टाका.

बार्शीचा_वकील

इथे एक भीती फार वाढवून मांडली जाते आहे: एक बदल लपला की सगळा क्लेम गेला. कायदा इतका आंधळा नाही.

सिग्नलला उभ्या गाडीला मागून ट्रकने ठोकलं. पुढच्या रिमचा किंवा स्पीकरचा त्या नुकसानीशी काय संबंध? नितीन खंडेलवाल प्रकरणात (२००८) खासगी गाडी टॅक्सी म्हणून वापरली जात होती आणि चोरीला गेली. सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं, चोरीच्या बाबतीत वापराचा मुद्दा काढून क्लेम पूर्ण नाकारता येणार नाही, आणि ७५ टक्के रक्कम देण्याचा निकाल कायम ठेवला. अमलेंदू साहू प्रकरणातही (२०१०) पॉलिसीच्या अटीचा भंग असताना नॉन-स्टँडर्ड म्हणून, म्हणजे काही रक्कम कापून, क्लेम देण्याचाच मार्ग घेतला गेला.

क्लेम नाकारला तर गप्प बसू नका. विमा लोकपालाकडे एक रुपयाही फी नाही, पुण्यात आणि मुंबईत कार्यालयं आहेत, ५० लाखांपर्यंतची भरपाई देण्याचा त्यांना अधिकार आहे. आधी कंपनीकडे लेखी तक्रार करा, महिनाभर थांबा, मग तिकडे जा. कंपनीच्या अंतिम नकारापासून एक वर्षाच्या आत मात्र गेलं पाहिजे. लोकांना घाबरवून कंपन्यांची बाजू बळकट करू नये, एवढंच मला म्हणायचं आहे.

निगडीकर

वकीलसाहेब, दोन्ही निकाल मान्य. पण दोन्हीकडे भांडण गाडीच्या वापराचं होतं. पॉलिसी घेतानाच गाडीची महत्त्वाची माहिती दडवली हा आरोप वेगळा आणि जास्त जड आहे. शिवाय ७५ टक्के मिळवायला ते मालक थेट दिल्लीपर्यंत लढले. चिंचवडच्या पगारदार माणसाला ते परवडत नाही.

आणि स्वतःच्या गाडीचं सोडा, समोरच्याचं काय? मोटार वाहन कायद्याच्या कलम १५० मध्ये थर्ड पार्टीच्या दाव्यातही महत्त्वाची माहिती दडवल्याचा बचाव कंपनीला उपलब्ध आहे. लायसन्सच्या वादांत न्यायालयांनी अनेकदा कंपनीला आधी पीडिताला पैसे द्यायला लावले आणि ते मालकाकडून वसूल करायची मुभा दिली. २००४ चा स्वर्ण सिंग निकाल त्याचसाठी सांगितला जातो. हाच मार्ग इथे लागला तर भोसरीच्या चौकात जखमी झालेल्या माणसाला भरपाई मिळेल, पण वसुली माझ्या भावाच्या घरावर येईल. मृत्यूच्या दाव्यात रकमा कुठे जातात ते तुम्ही रोज बघता.

हातानेच_क्लच

सगळे हप्ता वाढण्याबद्दलच बोलत आहेत म्हणून लिहिते. पोलिओमुळे माझा डावा पाय काम करत नाही. माझ्या गाडीला हाताने चालवायचा क्लच बसवलेला आहे, आरटीओकडून आरसीवर तशी नोंद आहे. दिव्यांगांसाठी खास बदललेल्या गाडीला आयएमटी १२ खाली ओन डॅमेजच्या हप्त्यात ५० टक्के सवलत आहे. आरसीवरची नोंद ही त्याची अट. मला कित्येक वर्षं कुणी सांगितलंच नाही, ना शोरूमने ना एजंटने. आमच्या ओळखीतले अनेकजण अजूनही कंपनीला कळवत नाहीत, कारण त्यांनाही वाटतं की बदल म्हणजे गुन्हा. ज्यांच्या घरात अशी गाडी आहे त्यांनी रिन्यूअलच्या आधी हे नक्की मागून घ्या.

एआरएआय या वाहन चाचणी संस्थेची मान्यता असलेलं चोरीविरोधी उपकरण बसवलं तरी टॅरिफमध्ये अडीच टक्के, जास्तीत जास्त ५०० रुपये सवलत आहे. रक्कम छोटी आहे, पण कळवल्याशिवाय तीही मिळत नाही.

चौथागिअर

ताई, हे मला माहीत नव्हतं. आमच्या सोसायटीत एक काका आहेत, त्यांना आजच सांगतो.

सर्व्हे_डायरी, अॅक्सेसरीजच्या रकान्याचं पटलं, रिन्यूअलला करतो. पण रिमॅपिंग? इंजिनाची ताकद वाढवलेल्या गाड्या पुण्यात कमी नाहीत. असा बदल कळवला तर कंपनी पॉलिसी देणार नाही, आणि कलम १८२अ मध्ये बेकायदा बदलाला प्रत्येकी पाच हजार दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद आहे. कुणी स्वतःहून कशाला लिहून देईल?

सर्व्हे_डायरी

नाही देणार, खरं आहे. पण मग उत्तरही सरळ आहे. ज्या बदलाची आरटीओत नोंद होऊच शकत नाही, तो विमा कंपनीपासून लपवून रस्त्यावर आणायचा अधिकार आपल्याला नाही. शेजारून दुचाकीवर लेकरू घेऊन जाणाऱ्या बाईने त्या ताकदीला संमती दिलेली नाही. जानेवारी २०१९ च्या केरळमधल्या प्रकरणातही सर्वोच्च न्यायालयाने हेच म्हटलं, की निर्मात्याने ठरवलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल चालणार नाही.

बार्शीचा_वकील

रिमॅपिंगपुरतं सहमत. अॅलॉय आणि स्पीकरवरून पूर्ण क्लेम नाकारणाऱ्या कंपनीशी मात्र भांडायलाच हवं, मालकाने कळवलेलं असो वा नसो. निगडीकर, भावाला एक सांगा: आधी सिलिंडरची तारीख बघा. दर तीन वर्षांनी हायड्रो टेस्ट (पाण्याच्या दाबाची चाचणी) लागते. तो दाखला आणि किट बसवणाऱ्याचं प्रमाणपत्र नसेल तर आरटीओत पहिलाच कागद अडेल.

निगडीकर

तारीख बघितली, टेस्टची मुदत उलटून गेली आहे. प्रमाणपत्र आधीच्या मालकाकडे मागितलं आहे. टेस्ट होऊन आरसीवर सीएनजी लागेपर्यंत गाडी पेट्रोलवरच चालवायची, सिलिंडर रिकामा ठेवायचा, असं भावाने कबूल केलं आहे. एजंट अजूनही नको म्हणतोय, म्हणून अर्ज थेट कंपनीच्या शाखेत देणार आहोत आणि पोचेवर शिक्का घेणार आहोत.