सांगलीची पोकेमॉन कार्ड स्पर्धा: बेताच्या खर्चात दोघांसाठी दोन डेक कसे बांधावेत?

माहुलीकर (सातारा)

नमस्कार. पुढच्या महिन्यात सांगलीत विश्रामबागेच्या बाजूला पोकेमॉन कार्डांची खुली स्पर्धा भरणार असून कोल्हापूर, कराड, पुणे, बेळगाव अशा चारी बाजूंनी खेळाडू येणार असल्याचे कळले. स्टँडर्ड प्रकार (म्हणजे फक्त अलीकडच्या नियमाक्षरांची कार्डे चालणारा), स्विस पद्धतीचे राउंड (हरला तरी कोणी बाहेर पडत नाही), प्रत्येक लढत तीनपैकी दोन गेमची आणि ५० मिनिटांची, असे आयोजकांनी कळवले आहे. मी आणि माझा आठवीतला भाचा आजवर साताऱ्यात घरच्या घरीच खेळत आलो. बाहेरच्या खेळाडूंशी गाठ पडण्याची ही पहिलीच वेळ.

आमच्याकडे ड्रॅगापुल्ट ईएक्सचा (ईएक्स म्हणजे साध्यापेक्षा ताकदवान पोकेमॉन) तयार मिळणारा लीग बॅटल डेक, म्हणजे ६० कार्डांची गड्डी, एक आहे. त्याखेरीज बूस्टर पाकिटांतून जमलेली साधी कार्डे पुष्कळ आहेत, पण अल्ट्रा बॉल (डेकमधून हवा तो पोकेमॉन शोधून देणारे), बॉसेस ऑर्डर्स (समोरच्याचा मागे बसलेला पोकेमॉन पुढे ओढणारे) यांसारखी प्रत्येक डेकला लागणारी कार्डे जेमतेम एका डेकपुरती भरतात. सुटी कार्डे मागवण्यासाठी हाताशी असलेली रक्कम बेताची आहे आणि ती वाढण्यासारखी नाही, त्यामुळे ती कुठे घालावी हे आधीच ठरवणे भाग आहे.

एक वाट अशी, की सगळी रक्कम ड्रॅगापुल्टच्या डेकवर घालून तो भाच्याच्या हाती द्यायचा आणि मी नुसते सोबतीला जायचे. दुसरी वाट अशी, की भाच्याने तयार डेक जवळजवळ आहे तसाच न्यायचा आणि मी एकेका प्राइझच्या साध्या पोकेमॉनचा डेक बांधून स्वतःही उतरायचे. (समोरच्याचा पोकेमॉन बाद केला की आपण बाजूला ठेवलेल्या ६ प्राइझ कार्डांतले कार्ड घेतो, आणि सहाही आधी घेईल तो जिंकतो.) भाच्याचा आग्रह दुसऱ्या वाटेचा आहे. "मामा, तू खेळणार नसशील तर मीही येत नाही," असे त्याने निक्षून सांगितले. निम्म्या लढती तरी जिंकाव्यात अशी आमची मनापासून इच्छा आहे. साध्या कार्डांवर ती धरणे वाजवी आहे का, आणि असेल तर रक्कम कोणत्या कार्डांवर खर्च करावी, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

मिरजवाला

दोघांनीही उतरावे, असे माझे स्पष्ट मत आहे. हाताशी रक्कम थोडी असली की माणूस ती एका नामांकित कार्डावर घालतो आणि डेक मात्र अडतो तो साध्या कार्डांच्या प्रती कमी पडल्यामुळे. याचा हिशेब प्रत्यक्ष मांडून पाहण्यासारखा आहे. ६० कार्डांच्या डेकमध्ये एखाद्या कार्डाच्या पूर्ण ४ प्रती ठेवल्या, तरी पहिल्या ७ कार्डांत त्याची एक तरी प्रत येण्याची शक्यता ४० टक्केच असते. बेसिक पोकेमॉन (उत्क्रांत न झालेले, थेट मांडता येणारे) ८ ठेवले तर सुरुवातीच्या हातात एकही बेसिक नसण्याची शक्यता सुमारे ३५ टक्के आहे, १२ ठेवले तर ती १९ टक्क्यांवर येते. बेसिक न आल्यामुळे हात पुन्हा पिसून घ्यावा लागला, की दर वेळी समोरच्याला एक जादा कार्ड ओढता येते, ते वेगळेच. ज्या कार्डाची डेकमध्ये एकच प्रत आहे ते ६ प्राइझ कार्डांत अडकून बसण्याची शक्यता १० टक्के आहे. म्हणून एकेका प्रतीने ठेवलेले प्रत्येक कार्ड हातात घेऊन, ते सापडलेच नाही तर गेम अडेल का, एवढे तपासून पाहा. ज्याच्यावाचून अडते त्याच्या प्रती वाढवा. ज्याच्यावाचून अडत नाही त्याला बहुधा जागाच देऊ नये.

ड्रॅगापुल्टच्या डेकचा खरा कणा ड्रॅकलोक आहे (ड्रीपीचा ड्रॅकलोक होतो आणि ड्रॅकलोकचा ड्रॅगापुल्ट). दर डावात, म्हणजे आपल्या दर पाळीला, डेकमधली वरची २ कार्डे पाहून एक हातात घेता येते आणि दुसरे तळाशी जाते. असे दोन-तीन ड्रॅकलोक बेंचवर (लढणाऱ्या पोकेमॉनच्या मागच्या राखीव जागेत) बसले की हात कोरडा पडत नाही. ड्रीपी आणि ड्रॅकलोक या दोघांच्या ४-४ प्रती पूर्ण करणे हा माझ्या मते पहिला खर्च, कारण ही कार्डे ईएक्सइतकी महाग नसतात आणि प्रत्येक गेममध्ये उपयोगी पडतात. ड्रॅगापुल्टच्या मोठ्या हल्ल्याला एक फायर आणि एक सायकिक अशा दोन वेगवेगळ्या एनर्जी (हल्ल्यासाठी पोकेमॉनला जोडायची कार्डे) लागतात. दोन्हींचे प्रमाण नीट जुळले आहे का, हे घरीच पुन्हा पुन्हा पिसून बघावे.

मागवताना कार्डाच्या रूपावर पैसे घालू नयेत. एकाच नावाचे आणि एकाच मजकुराचे कार्ड साध्या चित्रातही मिळते आणि झगमगीत पूर्ण चित्रातही. खेळाच्या दृष्टीने त्यांत काडीचाही फरक नाही. खालच्या डाव्या कोपऱ्यातले नियमाक्षर (कार्ड सध्या चालते की नाही ते ठरवणारे अक्षर) मात्र पाहून घ्यावे. तुमच्याकडची जुनी प्रत त्या अक्षराने बाद ठरत असली, तरी तेच कार्ड चालू अक्षराने पुन्हा छापले गेले असेल तर जुनी प्रतही चालते. जमलेल्या ढिगात अशी कार्डे निघण्याचा संभव बराच असतो, तेव्हा काही मागवण्यापूर्वी एक संध्याकाळ तो ढीग उपसण्यात घालवावी.

सरावासाठी २०२३ साली आलेले टीसीजी लाइव्ह हे ॲप फुकट आहे आणि त्यात ६० कार्डांचाच खेळ आहे. टीसीजी पॉकेट या दुसऱ्या ॲपवर सराव करू नये. तिथे डेक २० कार्डांचा आणि गेम ३ गुणांचा असल्याने अंदाज सगळे वेगळे बसतात.

कृष्णाकाठ (सांगली)

मिरजवाल्यांचा हिशेब मला मान्य आहे, पण त्यांनी मामांच्या डेकला हात घातलेला नाही आणि खरी अडचण तिथेच आहे. एकेका प्राइझच्या डेकविषयी नेहमी असे सांगितले जाते, की ईएक्स बाद झाला तर २ प्राइझ जातात आणि साधा पोकेमॉन बाद झाला तर १, म्हणजे आपल्याला ३ बळी पुरतात आणि समोरच्याला ६ लागतात. हे खरे आहे, पण अर्धेच. ड्रॅगापुल्ट ईएक्सची एचपी, म्हणजे बाद होण्याआधी सोसायची हानी, ३२० आहे. तुमचा हल्ला १६० चा असेल तर प्रत्येक ईएक्सला दोन हल्ले, म्हणजे तीन ईएक्सना सहा हल्ले लागतील, आणि समोरचा तुमचा एकेक पोकेमॉन एका हल्ल्यात घेत असेल तर त्यालाही सहाच लागतील. मग फायदा उरला कुठे? शिवाय ड्रॅगापुल्टचा फँटम डाइव्ह समोरच्या पोकेमॉनवर २०० ची हानी करून वर तुमच्या बेंचवर ६ डॅमेज काउंटर, म्हणजे ६० ची हानी, मनासारखी वाटून देतो. तुमच्या बेंचवर थोड्या एचपीचे किंवा आधीच घायाळ झालेले पोकेमॉन असतील तर एका हल्ल्यात दोन, कधी तीनही प्राइझ जातात. तुमच्या घरातच तो डेक आहे, तेव्हा याची प्रचिती तुम्हाला रोज घेता येईल.

तरीही असा डेक नेऊ नये असे मी म्हणत नाही. मी स्वतः असेच डेक खेळतो आणि ते मला मनापासून आवडतात. मात्र समोरच्याच्या पुढे उभ्या असलेल्या मोठ्या ईएक्सशी टक्कर घेण्यात आपले हल्ले खर्ची घालायचे नाहीत. बऱ्याच डेकमध्ये मदतनीस म्हणून बेंचवर बसलेला एखादा लहान ईएक्स असतो. फेझंडिपिटी ईएक्सचेच पाहा. आदल्या डावात आपला पोकेमॉन बाद झाला असेल तर तो ३ कार्डे ओढू देतो, म्हणून लोक त्याला हौसेने बेंचवर बसवतात. त्याची एचपी २१० आहे आणि फायटिंग ही त्याची कमजोरी आहे, म्हणजे ११० चा फायटिंग हल्ला दुप्पट होऊन त्याला पुरतो. बॉसेस ऑर्डर्स खेळून त्याला पुढे ओढले, की एका साध्या पोकेमॉनच्या एका हल्ल्यात २ प्राइझ हाती येतात. अशी संधी गेममध्ये दोनदा साधली तर ४ प्राइझ झाली, आणि उरलेल्या दोनसाठी मोठ्या ईएक्सला दोन हल्ल्यांत घेतले तरी चालते. म्हणून मामांच्या डेकसाठी फायटिंग प्रकार घ्यावा, आणि तुमच्या रकमेतून बॉसेस ऑर्डर्सच्या जादा प्रती सर्वांत आधी घ्याव्यात.

सामाईक कार्डांच्या वाटणीबद्दल असे सुचवतो. अल्ट्रा बॉल सगळे भाच्याला द्यावेत, कारण ड्रॅगापुल्ट ईएक्स शोधून आणण्याचा त्याच्याकडे तोच भरवशाचा मार्ग आहे. अल्ट्रा बॉलसाठी हातातली २ कार्डे टाकावी लागतात, आणि साध्या पोकेमॉनच्या डेकमध्ये ती टाकणे बहुधा जिवावर येते. मामांनी बडी-बडी पॉफिनवर भिस्त ठेवावी. ७० किंवा त्याहून कमी एचपीचे दोन बेसिक ते थेट बेंचवर आणते. नाणेफेक जिंकल्यास मी असा डेक घेऊन दुसरा खेळणे पसंत करतो. पहिल्या खेळाडूला पहिल्या डावात हल्ला करता येत नाही आणि सपोर्टरही (बॉसेस ऑर्डर्ससारखे, डावात एकदाच खेळता येणारे कार्ड) खेळता येत नाही, तर दुसऱ्याला दोन्ही करता येते. याबाबत मतभेद आहेत आणि उत्क्रांत होणाऱ्या पोकेमॉनच्या डेकवाले बहुतेक उलटे सांगतील.

पटाशेजारी (सांगली)

मी स्पर्धांमध्ये जजच्या मदतीला बसतो, म्हणून डेकच्या ताकदीबद्दल न बोलता, बेताच्या डेकचे खेळाडू हकनाक कुठे गुण गमावतात ते सांगतो.

पहिली गोष्ट बनावट कार्डांची. शाळेजवळच्या आणि बसस्टँडवरच्या दुकानांतून सोनेरी पत्र्यासारखी कार्डे सर्रास विकली जातात. ती एकही चालत नाहीत. साध्या कार्डांतही नकली मिसळलेली असतात आणि जमवलेल्या ढिगातून डेक बांधणाऱ्याला हा धोका अधिक आहे. खऱ्या कार्डाची कड उजेडात आडवी धरून पाहिली, तर दोन पांढऱ्या थरांच्या मध्ये केसाएवढी काळसर रेघ दिसते. ती न दिसल्यास किंवा मागचा निळा रंग इतरांपेक्षा फिका असल्यास ते कार्ड बाजूला काढावे.

दुसरी गोष्ट वाकलेल्या कार्डांची, आणि साताऱ्याच्या पावसात ती टाळणे खरोखर अवघड आहे. चकाकीच्या कार्डांचा एक थर ओल शोषतो आणि दुसरा शोषत नाही, त्यामुळे कार्ड कमानीसारखे वाकते. डेकमधली एक-दोनच कार्डे अशी वाकली, की गड्डी कापताना ती नेमकी त्यांच्यापाशीच उघडते. तुमच्या मनात काही नसले तरी जजला ती खुणेची कार्डे धरावी लागतात. बिनचकाकीची प्रत मिळाली तर तीच वापरावी. तशी मिळत नसेल तर चकाकीचे कार्ड स्लीव्हमध्ये (कार्डाच्या प्लास्टिकच्या पाकिटात) घालून आठवडाभर जड पुस्तकांखाली दाबून ठेवावे. स्लीव्ह सगळ्या एकाच पुड्यातल्या, नव्या आणि अपारदर्शक असाव्यात. अमुक एका कार्डावर पैसे वाचवा, पण स्लीव्हवर वाचवू नका.

डेकलिस्ट लिहिताना ६० ची बेरीज दोघांनी एकमेकांची तपासावी. यादीत ५९ भरली किंवा यादी आणि डेक यांचा मेळ बसला नाही, तर एखादा गेम हातचा जाऊ शकतो. भाच्याचा गट जन्मवर्षावरून ठरेल, तेव्हा नोंदणीच्या वेळी ते नीट सांगावे. त्याची लढत बघताना त्याला नजरेनेसुद्धा काही सुचवू नये. बाहेरची मदत हा गंभीर दोष मानला जातो, आणि घरच्या माणसाकडून तो नकळत घडतो.

५० मिनिटांत तीन गेम बसवायचे म्हणजे हात चालता ठेवावा लागतो. विजयाचे ३ आणि बरोबरीचा १ गुण असल्यामुळे दोन बरोबऱ्यांपेक्षा एक विजय व एक पराभव अधिक फलदायी असतो. पहिला गेम हरणार हे स्पष्ट दिसत असेल तर तो वेळेवर सोडून दुसऱ्याला लागावे. त्यात कमीपणा नाही. स्विस पद्धत १८९५ साली झ्युरिकच्या बुद्धिबळ स्पर्धेत प्रथम वापरली गेली आणि भाऊसाहेब पडसलगीकरांनी सांगलीत बुद्धिबळ रुजवल्यामुळे आमच्याकडच्या घराघरांत ती ठाऊक आहे. तिच्यात कोणी बाहेर फेकले जात नाही. हरलात तर पुढच्या राउंडला साधारण तितकेच गुण असलेला प्रतिस्पर्धी मिळतो. म्हणूनच निम्म्या लढती जिंकण्याची तुमची इच्छा अगदी वाजवी आहे. समान गुण झाल्यास तुमच्या प्रतिस्पर्ध्यांची कामगिरी पाहिली जाते, तेव्हा उशिरा झालेल्या पराभवापेक्षा पहिल्याच राउंडचा पराभव क्रमवारीत अधिक जाचतो. सकाळची पहिली लढत दमून खेळू नये यासाठी, शक्य असल्यास, आदल्या रात्रीच सांगलीत यावे.

माहुलीकर (सातारा)

सर्वांचे मनःपूर्वक आभार. दोघांनीही उतरायचे ठरले. ढीग उपसला तेव्हा ड्रीपीची चौथी प्रत आणि फायटिंग प्रकारची बरीच कार्डे घरातच निघाली. कडा तपासताना चार-पाच कार्डे नकलीही सापडली आणि भाच्याने ती स्वतःच वेगळी ठेवली. आता रक्कम दोन ड्रॅकलोक, बॉसेस ऑर्डर्सच्या जादा प्रती आणि स्लीव्ह यांत संपते. अल्ट्रा बॉल भाच्याकडे तीनच राहतात. चौथ्यासाठी बॉसेस ऑर्डर्सची एक प्रत कमी करावी का?

कृष्णाकाठ (सांगली)

करू नका. अल्ट्रा बॉलच्या दोन प्रती माझ्याकडे पडून आहेत; एक स्पर्धेपुरती घेऊन जा, उसन्या कार्डांना नियमाची आडकाठी नाही. आदल्या संध्याकाळी सांगलीत पोचत असाल तर इथे कळवा. मीही ड्रॅगापुल्टच्या विरोधात सराव शोधतोच आहे, भाच्याबरोबर दोन-तीन गेम होतील. डेकलिस्टवर अल्ट्रा बॉल ४ असेच लिहा.